सांध्यातलं हळद-कुंकू

"अगं शुभा, सिद्धेशची ती सायकल रविवारी भंगारात जाणार म्हणे. आणि त्या जागी..." एवढं बोलून वसुधाकाकू शेजारच्या शुभाला घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या, दार लागलं, आणि माझं उरलेलं भविष्य त्यांच्याबरोबर तळमजल्याला गेलं.

ती सायकल म्हणजे मीच. मुलुंडच्या या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर जिन्याला टेकून उभी असलेली डोंगरी सायकल. डोंगर मी मोजकेच पाहिले, चपला मात्र पुष्कळ. पण जिन्यात उभं राहायचं एक सुख असतं. कुणाची भाजी करपली, कुणाचं लग्न कुठे अडलंय, सगळं आपोआप कळतं. स्वतःचं तेवढं अर्धंच कळावं, याला काय म्हणायचं?

बँकेतल्या सिद्धेशने मला आणलं ते "दर रविवारी येऊरचा डोंगर!" असं जाहीर करून. माझ्या मागच्या चाकाला शॉकअप आहे. दगडावरून गेलं तरी चाक आपलं आपण वर-खाली होतं, बसणाऱ्याला दणका बसत नाही. त्यासाठी माझ्या अंगात सांधे आहेत आणि सांध्यांत बेअरिंग नि बुश, म्हणजे सांधा अलगद फिरवणाऱ्या गोल कड्या. तुम्हाला गुडघे, तसे मला ते.

माझं सगळ्यात जास्त कौतुक सिद्धेशच्या आईंना, सुनंदाबाईंना. दर दसऱ्याला मला खाली नेऊन नळीच्या जोरदार पाण्याने अंघोळ, मग झेंडूची माळ, मग हळद-कुंकू. ते लावायला मला कपाळ कुठलं? त्यांनी जागा शोधली ती नेमकी मागच्या सांध्याची. "इथेच जीव आहे हिचा," म्हणायच्या. वर निरांजनात उरलेलं तेलही तिथेच ओतायच्या, सांध्याला तेल चांगलं म्हणून. चार-पाच दसरे असे भक्तिभावाने पार पडले आणि मी कण्हायला लागले. कुंईऽ, कटक्.

सिद्धेशने चेनला तेल दिलं, सीट बदलली, पायडल बदललं. कण्हणं तसंच. शेवटी एका मित्राने फोनवरून, मला न बघताच निदान केलं, "फ्रेम क्रॅक झालीय यार. बसू नकोस, तोंडावर पडशील." फ्रेम म्हणजे माझं हाड. ते मोडलं की भंगारच. सिद्धेशला लगेच पटलं. रविवारी झोपून राहायला कुणी सबळ कारण दिलं की माणसाला पटतंच.

शनिवारी दुपारी तो मला फडक्याने पुसत होता. निरोप द्यायच्या वस्तूवर माणसाची माया अशी अचानक उफाळून येते. तेवढ्यात त्याची बायको गंधाली कामावरून आली. ती फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे खांदे नि गुडघे हलवून बघणारी.

"उद्या नक्की जातेय ना ही? मला इथे चपलांचं कपाट ठेवायचंय."

"जातेय गं. फ्रेमच गेलीय."

"कुठे? दाखव."

"दिसत नाही. आतून असेल."

"आतून? एक्स-रे काढलास वाटतं!"

बोलता बोलता, सवयीने, तिने एक बोट माझ्या सांध्याच्या फटीवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने सीट धरून मला उचललं. मी वर गेले, मागचं चाक किंचित मागाहून आलं. कटक्. तिने पुन्हा उचललं. कटक्.

"हाड शाबूत आहे रे हिचं. सांधा गेलाय. नवीन घाल, पळेल."

म्हणून झाल्यावर तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. आपणच आपल्या कपाटाची जागा घालवली, हे तिला तेव्हा कळलं.

संध्याकाळी नवे बेअरिंग नि बुश आले. थंडीने आकसले की बेअरिंग सोपे बसतात, म्हणून ते रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले. सकाळी आतून सुनंदाबाईंचा आवाज आला, "सिद्धेश, माझ्या मटारात ह्या कसल्या चकत्या रे?"

जिन्यात पेपर पसरून दोघं बसले. लांब बोल्ट पिळत सिद्धेशने जुना बेअरिंग दाबून बाहेर काढला. पाठोपाठ नारिंगी चिखल आला.

"केवढा गंज!" तो म्हणाला.

गंधालीने बोटावर घेऊन वास घेतला. "नुसता गंज नाही. हळद आहे. आणि निरांजनाचं तेल."

दारात सुनंदाबाई उभ्या होत्या. "म्हणजे आता पूजा बाधते होय सायकलला?"

"पूजा नाही आई, जागा बाधली," गंधाली हळूच म्हणाली.

सुनंदाबाईंनी आत जाऊन जुनं धोतर फाडून आणलं आणि स्वतः खाली बसून माझे सांधे कोरडे पुसले.

भंगारवाला रविवारी आला, हे काकूंचं खरंच झालं. त्याच्या पोत्यात माझे गंजलेले बेअरिंग आणि झिजून लांबट झालेले बुश गेले, एवढंच. कपाटही आलं. मी आता खाली पार्किंगमध्ये असते आणि अधूनमधून खरोखर येऊरला जाते. अजिबात कण्हत नाही. पण तेच नडलंय! कुंईऽ ऐकू येत नाही, म्हणून वसुधाकाकू गेटपाशी सगळ्यांना सांगतायत, "बघा, मी म्हटलं नव्हतं? गेली भंगारात!"

लोकहो, दसऱ्याला हळद-कुंकू माझ्या हँडलला लावा. आणि वर काय शिजतंय ते कुणीतरी खाली येऊन सांगा हो. इथे पार्किंगमध्ये वरचं काही म्हणता काही ऐकू येत नाही.