नव्या खोक्यातल्या गोळ्या

टेबलावर वीस गोळ्या होत्या. नव्या खोक्यात पंचवीस निघाल्या. त्यातल्या पाच मी सकाळीच वेगमापकासमोर झाडल्या होत्या. दहा माझ्या, दहा धाकटीच्या. रायफली दोन, एकाच बनावटीच्या. संघात जागा एक.

जुन्या गोळ्या सेकंदाला ८२० मीटर वेगाने सुटत. या नव्या ७९२ने सुटत होत्या. ऐकायला फरक किरकोळ. पण शंभर मीटरवर नेम जुळवला, तर आठशे मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत जुनी गोळी ७.१० मीटर खाली उतरते आणि नवी ७.७१. रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती तेवढी जास्त फिरवायची, एका क्लिकला तिथे आठ सेंटीमीटर, एवढंच. नवे आकडे लिहून मी दोन चिठ्ठ्या केल्या. माझी रायफलीला चिकटवली. धाकटीची खिशात ठेवली.

ती उशिरा आली, जांभया देत. वेग मोजायचा तिला कंटाळा. "ताई आकडे सांगते, मी घोडा दाबते," असं ती घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि सगळे हसतात. आईसुद्धा. पदवी माझी, तक्ते माझे, आणि भिंतीवरच्या सात पदकांतलं माझं एक. खोली दोघींची एकच, त्यामुळे सकाळी डोळे उघडले की आधी तिची सहा दिसतात.

आमच्या प्रशिक्षकांना सगळे कर्नल म्हणतात. सैन्यात ते एक दिवसही नव्हते.

"अंदाजाची गोळी मिळणार नाही," ते म्हणाले. "पहिल्या गोळीपासून गुण. थोरली, तू आधी."

मी दहाही झाडल्या.

"छान. नीटनेटकं," कर्नल वहीत बघतच म्हणाले. मग धाकटीकडे वळून खुर्ची पुढे ओढली. "चला, आता नेमबाजी बघू या!"

माझ्या वेळी ती खुर्ची भिंतीपाशी होती.

धाकटी चटईवर पालथी झाली, गाल रायफलीला टेकवला. तिला पाहिलं की वाटतं, ही जन्मलीच तशी. मला त्या पालथं पडण्याला दोन वर्षं लागली.

"ताई, रायफलीवरची ही चिठ्ठी गेल्या आठवड्याचीच आहे. तीच ना?"

खिशातल्या कागदाची घडी माझ्या बोटांना लागत होती.

"तीच," मी म्हणाले.

"वाटलंच. बदलली असती तर आल्याआल्या माझं डोकं खाल्लं असतंस."

तिने घोडा दाबला. गोळीला पोचायला १.४ सेकंद लागतात. मी मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून होते.

"पाच गुण," मी म्हणाले. "त्रेसष्ट सेंटीमीटर खाली."

"अगं काय हे!" कर्नल अर्धे उठले.

"हात तर हलला नाही माझा," धाकटी म्हणाली. ती कर्नलांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "किती क्लिक?"

अजूनही सांगता आलं असतं.

"आठ वर."

"आठ?"

"आठ."

 तिने चकती आठ घरं फिरवली आणि पुन्हा गाल टेकवला. उरलेल्या नऊही गोळ्या तिने ओळीने झाडल्या.

कर्नलांनी दोन्ही लक्ष्यं टेबलावर पसरली आणि पट्टी लावली. धाकटी: शेवटच्या नऊ गोळ्यांची भोकं १९ सेंटीमीटरच्या घेरात, एकूण गुण ९५. मी: दहा गोळ्यांची भोकं ४१ सेंटीमीटरच्या घेरात, एकूण गुण ९६.