बसून घेतलेलं माप

मी एक जुनं चाक आहे. गाडीचं नव्हे हं, शिडाच्या होडीचं! मला डावी-उजवीकडे फिरवलं की पाण्यातलं सुकाणू वळतं आणि होडी हवी तिकडे जाते. पोलादी कडा आणि तिच्यावर चामड्याचं वेष्टण, असा माझा थाट.

मित्रांनो, ज्या होडीसाठी मला घडवलं, तिची मी इमानेइतबारे चाकरी केली. ती मोडीत निघाली आणि मी धक्क्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात खिळ्याला लटकलो. छोट्या होडीवाले म्हणत, केवढं हे धूड! मोठ्या होडीवाले म्हणत, हे तर खेळण्यातलं. शेवटी एका हॉटेलवाल्याने मला हेरलं. पोटात काटे बसवून त्याला माझं घड्याळ करायचं होतं. उद्या न्यायला येतो म्हणाला. जन्मभर फिरलेल्या चाकाने आता भिंतीवर गप्प बसायचं! मला रडूच कोसळलं असतं, पण चाकांना ती सोय नाही.

त्याच दुपारी एक ओळखीचं जोडपं दुकानात आलं. नवरा शिंपी, बायको शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. शिडाच्या दोऱ्या ओढायच्या शिंपीबुवांनी आणि होडी चालवायची बाईंनी, हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या होडीचं मूळ चाक इतकं मोठं होतं की त्याला वळसा घालताना बाईंचा गुडघा दर वेळी बाकावर आपटायचा. म्हणून मागे एकदा शिंपीबुवांनी दुकानातलं सगळ्यात लहान चाक नेलं होतं. तेव्हा बाईंना चाकामागे ताठ उभं करून, टेप लावून, त्यांनी अगदी बेतशीर माप घेतलं होतं.

आज मात्र बाईंचा चेहरा पार उतरलेला. चाक फिरवताना खांदा भरून येतो, दोन वळणं घेतली की हात गळून जातो, असं त्या दुकानदाराला सांगत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "वय झालं हो माझं. होडीला गिऱ्हाईक बघा." शिंपीबुवा खाली मान घालून उभे होते.

होडी दुकानासमोरच बांधलेली होती, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. दुकानदार म्हणाला, नेहमीसारखं चालवून दाखवा बघू. बाई सवयीप्रमाणे बाजूच्या बाकावर बसल्या, कारण शीड तिथूनच नीट दिसतं. पुढे वाकून त्यांनी चाकाला हात घातला. शिंपीबुवांची नजर त्यांच्या बाहीवर खिळली. बाही कोपरापर्यंत ओढली गेली होती आणि काखेतली शिवण उसवायला आली होती. शिंप्याच्या डोळ्यांतून हे सुटतंय होय? त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. कपड्याचं माप उभ्याने घेतात, म्हणून चाकाचंही त्यांनी उभ्यानेच घेतलं होतं. पण होडी चालवताना बाई उभ्या कधी राहायच्या? बाकावरून ते लहान चाक लांब पडायचं, आणि लहान म्हणून त्याला जोरही जास्त लागायचा.

मग बाईंना बसवून नव्याने माप झालं. हात कुठवर सहज पोचतो, धरलेली बोटं बाकाला घासतात का, बाजूने गुडघा न आपटता जाता येतं का, सगळं पाहिलं. शिंपीबुवा टेप घेऊन तडक माझ्याकडे आले. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी टेप लावला, पुन्हा लावला आणि मला खिळ्यावरून उतरवलं. हॉटेलवाल्याचं घड्याळ राहिलं!

तासाभरात मी होडीत बसलो. शिडात वारा भरला, होडी कलली, आणि बाईंनी बाकावर बसल्या बसल्या मला एका हाताने वळवलं. होडी लोण्यासारखी वळली. बाईंनी दुसऱ्या हाताने आपला खांदा चाचपून पाहिला.

"अहो, म्हणजे माझ्या खांद्याला काही झालेलंच नाही?"

"खांदा ठणठणीत आहे तुझा. माप माझं चुकलं होतं."

बाईंचे डोळे भरून आले आणि त्या हसायलाच लागल्या. मलाही किती हायसं वाटलं म्हणून सांगू! होडी विकायचा विषय त्या पाण्यातच बुडाला.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. किनाऱ्यावर आलात की माझ्या अंगावरचं मीठ पुसा, चामड्याला थोडं तेल लावा. आणि घरातलं कुणी "आता मला जमत नाही" म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. आधी त्यांच्या हातात आपण काय दिलंय, ते बघा.