वारा पडलेला दिवस

अंगणातल्या दगडावर पाणी शिंपून काकू विळे घासत बसली होती. एक नाही, दोन नाही, चांगले अकरा विळे. धाकटा दीर फाटक ढकलून आत आला आणि बघतच राहिला.

"वहिनी, एवढे विळे? कुणाचा गळा कापायचाय?"

"तुझाच. थांब, धार लागू दे जरा."

काकूचा नवरा, आप्पा, गेल्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून काकू आज पहिल्यांदा अशी बोलली, म्हणून दीर मोकळेपणी हसला.

"हसतोस काय? उद्या तुझाही विळा घेऊन ये. आणि घासून आण. तुझ्या विळ्यानं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही."

"उद्या कशाला?"

"जाळरेषेला, आणखी कशाला!"

दिराचं हसू मावळलं. "वहिनी, उद्या तर आप्पाची शोकसभा आहे. मास्तर विचारून गेले ना तुम्हाला?"

काकूचा हात दगडावरच थांबला.

आता ही जाळरेषा काय ते सांगायला हवं. गावाच्या डोक्यावर डोंगर, डोंगरावर जंगल, आणि जंगल नि गाव यांच्या मधे कमरेएवढं गवत. थंडी सरली की ते वाळून कडकडीत होतं. मग डोंगरावरून गरम वारा सुटतो, आणि कुठं एक ठिणगी पडली की वणवा धावत खाली येतो. त्याआधी मधल्या गवताचा पंधरा हात रुंद पट्टा आपणच जाळून टाकायचा. वणवा तिथवर येतो, त्याला खायला काही मिळत नाही, उपाशी मरतो. खाली नाल्यापासून वर कड्यापर्यंत हा पट्टा जायचा, बरोबर मधे एक मोठा काळा खडक. दोन्ही कडा विळ्यानं कापायच्या, झाडून घ्यायच्या, मग मधलं पेटवायचं आणि ओल्या फांद्या घेऊन दोन्ही बाजूंनी उभं राहायचं. काम काही डोक्याचं नाही. पण दिवस नेमका लागतो. गवतात दव असावं आणि वारा साफ पडलेला असावा. असे दिवस वर्षाला चार. फार तर पाच.

तो दिवस आप्पा ओळखायचा. थंडी सरत आली की रोज सकाळी अंगणात उभं राहून मूठभर भुसा वरून सोडायचा. भुसा तिरका गेला की मूठ झाडून चहा प्यायला आत. सरळ पायाशी पडला की चहा राहिला तिथंच, गडी हाळ्या देत गावभर. म्हणून लोक त्याला वाराआप्पा म्हणायचे. तसा तो शेतकरी. पण स्वतःच्या शेतात कमी नि रानात जास्त. कुठली पायवाट कुठं फुटते, कुठल्या कपारीत उन्हाळ्यातही पाणी असतं, सगळं त्याच्या पायांना पाठ. कुणाची गाय हरवली, बोलवा आप्पाला. अडलेली बाई खाटेवरून सडकेपर्यंत न्यायची, खाटेचा पुढचा पाय आप्पाच्या खांद्यावर. शाळेचं छप्पर उडालं तेव्हा हाच वर चढला. काकू कधी चिडून म्हणायची, "गावाचं लोढणं तुमच्याच गळ्यात का हो?" त्यावर तो म्हणायचा, "दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बसत नाही ग, माप माझंच घेतलंय."

आधी जाळरेषेला चाळीस माणसं यायची. मग वीस झाली. गेल्या वर्षी सात होती, त्यातली तीन नुसती तोंडपाटीलकी करायला. आणि पावसाळा सरता सरता आप्पा तीन दिवसांच्या तापात गेला. लोक म्हणाले, चांगल्या माणसाला चांगलं मरण आलं. काकूला त्यात काही चांगलं दिसलं नाही.

थंडी सरायला लागली तशी ती स्वतःच रोज सकाळी भुसा सोडायला लागली. आणि काल मास्तर दारात आले. "काकू, वारा कधी पडेल हो? आता तुम्हालाच कळतं ते."

काकूला वाटलं, गाव विसरलं नाही. "परवा सकाळी," ती म्हणाली. "पण एकच दिवस. पुढं डोंगरावरचा वारा सुटेल, मग काही खरं नाही."

"छान. मग परवाच ठरवतो. सगळं गाव गोळा करतो बघा."

म्हणून हे अकरा विळे.

"मग वारा कशाला विचारला मास्तरांनी?" काकूनं दिराला विचारलं.

दीर मान खाजवायला लागला. "मंडपासाठी. गेल्या आठवड्यात उभा केला होता, तर उडून तळ्यात जाऊन पडला. म्हटलं, वारा नसेल असा दिवस धरावा."

"जळो तुमचा मंडप!" काकू उठलीच. "यंदा हा एवढा एक दिवस मिळतोय, तो तुम्ही खुर्च्या मांडण्यात घालवणार?"

"वहिनी, लोक तुमच्या माणसासाठी जमतायत."

"जमतायत ना? मग गवतात जमा! तिथं घ्या सभा. एकेकानं दहा हात कापलं तरी दुपारपर्यंत मोकळे."

"पुढारी यायचेत, पाहुणे यायचेत. सगळ्यांना निरोप गेलेत. जाळरेषेचं बघू ना परवा-तेरवा."

"वारा तुझा नोकर आहे का, परवा ये म्हटलं की यायला?"

"तुम्ही म्हणजे अगदी आप्पा," दीर वैतागून म्हणाला. "धरलं की सोडत नाही." आणि तो गेला. विळा कुठलाच घेतला नाही.

संध्याकाळपर्यंत काकू घरोघर फिरली. दुकानदार म्हणाला, "काकू, मी एका पायावर तयार आहे, पण सतरंज्यांचं सगळं माझ्याकडे आलंय." एकानं पाठ दुखते म्हणून सांगितलं, आणि सांगता सांगता धान्याचं पोतं उचलून आत नेलं. फक्त म्हातारा सुतार, आप्पाचा लहानपणापासूनचा दोस्त, रंधा बाजूला ठेवून म्हणाला, "येतो मी, वहिनी. पण माझा दमा तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणजे अर्धा माणूस धरा."

सकाळी काकूनं भुसा सोडला. सरळ पायाशी पडला, एक कण इकडे नाही की तिकडे नाही.

शाळेसमोर मंडप ताठ उभा होता. आप्पाचा फोटो खुर्चीवर, काकूला त्याच्या शेजारची खुर्ची. चाळीस वर्षांत कधी इतकं गाव एका जागी बसलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिनं सवयीनं हात मोजले. खांद्याला खांदा लावून माणसं उभी केली असती तर नाल्यापासून कड्यापर्यंत दोनदा पुरली असती.

मास्तर म्हणाले, आप्पा गावाचा कणा होता. दुकानदार म्हणाला, आप्पा त्याला सख्ख्या भावासारखा होता. पुढारी म्हणाले, "आप्पांचं कार्य आपण पुढे नेलं पाहिजे!" टाळ्या पडल्या. ऊन मंडपाच्या कडेला येऊन ठेपलं होतं. दव आता तासाभराचं, फार तर दीड तासाचं.

काकू उभी राहिली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"पुढं न्यायचंय ना? मग उठा," ती म्हणाली. "आत्ता उठा. वारा पडलाय. माझ्या घरी अकरा विळे धार लावून ठेवलेत. भाषणं दुपारी करा, मी बसते ऐकायला रात्रीपर्यंत. पाया पडते तुमच्या, पण उठा."

पुढच्या रांगेत एक बाई पदर डोळ्यांना लावून हुंदके द्यायला लागली. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळा मंडप टाळ्यांनी दणाणला. मास्तरांनी काकूच्या हातात पाण्याचा पेला दिला नि तिला हळूच खाली बसवलं. "काकूंना भावना आवरत नाहीत," ते लोकांना म्हणाले, "आपण समजू शकतो. आता दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळू."

सगळं गाव उभं राहिलं, माना खाली, डोळे मिटलेले. काकू त्या शांततेतच मंडपाबाहेर पडली. तिला अडवायला कुणाचे डोळेच उघडे नव्हते.

नाल्यापाशी सुतार वाट बघत होता. दोन विळे, दोन हंडे पाणी, ओल्या फांद्यांचा भारा.

"वहिनी, एक ऐका," तो म्हणाला. "वरून सुरू करू, कड्याकडून. तुमचं शेत त्या टोकाला. दोघांच्यानं सगळं काही होत नाही. निदान तुमचं तरी वाचेल."

"आप्पा कुठून सुरू करायचे?"

"नाल्याकडून. घरांकडून."

"मग?"

सुतारानं विळा उचलला. दोघं वाकली.

गवत पातीनं हात कापत होतं. काकूचा गुडघा पहिल्या घटकेतच बोंबलायला लागला. कापायचं, झाडायचं, पेटवायचं, बडवायचं, हंड्यातलं पाणी कडेनं मारायचं, पुन्हा दहा हात पुढं. सुतार खोकायचा, फांदीवर भार देऊन उभा राहायचा, पुन्हा बडवायचा. खालून कर्ण्यातून आवाज येत होता, "असा माणूस पुन्हा होणे नाही." सुतार खोकता खोकता हसला. "आप्पा असता तर म्हणाला असता, नाही होत तर नका होऊ, पण एक हंडा पाणी तरी आणा."

काळ्या खडकापाशी पोचली तेव्हा सुताराचे ओठ निळे पडले होते. काकूनं त्याला खडकाच्या सावलीत बसवलं. तिनं गवतात हात घातला. कोरडं. मानेवरचे केस हलले. वारा आला होता.

"झालं," ती म्हणाली. "इथून पुढं आता पेटवायचं नाही."

खडकाच्या वर, कड्यापर्यंत, अर्धी जाळरेषा तशीच उभी राहिली. दिवस मावळेपर्यंत काकू जळालेल्या पट्ट्यावर फिरत राहिली. जिथं धुराची रेघ दिसली तिथं पाणी ओतलं, पायानं चिरडलं, हात ठेवून पाहिलं. सगळं गार होतं.

पुढं रोज भुसा तिरका गेला.

विसाव्या दिवशी डोंगरापलीकडून वणवा आला. भर दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं. लोक पोरंबाळं घेऊन तळ्याकडं पळाले. नाल्याच्या बाजूनं आग धावत खाली आली, जळालेल्या पट्ट्यापाशी थांबली, इकडे तिकडे तोंड घातलं, आणि मेली. गावातल्या एका घराची एक काडी जळाली नाही. पण खडकाच्या वरचं गवत तिला मिळालं. तिथून ती आत शिरली. काकूचं उभं पीक गेलं, गोठा गेला, आप्पानं बांधावर लावलेली बावीस झाडं गेली. शेताला लागून खळं, तिथं सहा घरांच्या वैरणीच्या गंजी होत्या, त्याही गेल्या. एक गंजी दिराची होती.

जे जळलं ते सगळ्यांना दिसलं. जे वाचलं ते तर रोजचंच होतं, त्याच्याकडं कोण बघणार?

संध्याकाळी राखेत उभं राहून दुकानदार म्हणाला, "काकूनं जाळ लावला होता ना त्या दिवशी? तिथलाच विस्तव राहिला असणार."

"वीस दिवस?" सुतार ओरडला. "विस्तव होता की अमरपट्टा घेऊन आला होता? अरे, आग पलीकडून आली, तुम्ही सगळ्यांनी पाहिली!" पण पुढचं खोकल्यात गेलं, आणि खोकणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं.

काकूनं दिराकडं पाहिलं. तो जळालेल्या गंजीकडं बघत होता. "मी म्हटलं होतं, परवा-तेरवा सगळे मिळून करू," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला धीर धरवला नाही, वहिनी."

त्या बोलण्यानं काकू आतून खचली. वणव्यानं नाही, ह्या बोलण्यानं.

महिन्याभरानं खडकापाशी एक फळी रोवली गेली. काकूला वाचता येत नव्हतं. तिनं सुताराला विचारलं.

"फळी माझीच आहे, वहिनी. आप्पाचं नाव लिहायचंय म्हणून मास्तरांनी मागितली, मी पैही न घेता रंधून दिली."

"मग त्यांचंच नाव आहे ना?"

"आहे. वर लिहिलंय, आप्पांच्या स्मरणार्थ. खाली लिहिलंय, इथं गवतात जाळ लावायला सक्त मनाई."

पावसाळ्यात गवत वाढलं. यंदा सगळीकडं वाढलं, नाल्यापासून कड्यापर्यंत, घरांच्या कुडांपर्यंत. सुतार ऐन थंडीत गेला. थंडी सरत आली तशी काकू पुन्हा रोज सकाळी अंगणात येऊन भुसा सोडायला लागली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

एके दिवशी फाटकाशी मास्तर उभे. "काकू, यंदाही आप्पांची सभा घ्यायचं ठरलंय. आता दरवर्षीच घेणार. वारा कधी पडेल हो?"

काकूनं मूठ उघडली. भुसा सरळ तिच्या पायाशी पडला.

"आजच पडलाय," ती म्हणाली. "उद्याही राहील. बांधा मंडप."

"वा! मग उद्या नक्की या. पुढची खुर्ची तुमचीच."

मास्तर गेले. काकू पायाशी पडलेल्या भुशाकडं पाहत थोडा वेळ उभी राहिली. मग मूठ झाडून चहा प्यायला आत गेली.