ढोलीवरचा मोर

सवत मेली म्हणजे कटकट मिटली, असं लोक म्हणतात. साफ खोटं! जित्या सवतीशी भांडता तरी येते. आमच्या बुढ्याची पहिली बायको मनकर्णा कवाचीच मेली, पण परवा तिनं मले चारचौघांत जाळलं.

आलापल्लीच्या वाटेवर जुन्या घरांचं संग्रहालय झालं आहे. गावोगावची घरं उकलून नेली अन् उघड्या रानात होती तशी उभी केली. आमी सिमेंटचं घर बांधलं, तवा जुनं त्याईलेच देऊन टाकलं होतं. आता तिथी पाटी लावायची, म्हणून बुढ्याले, म्हणजे देवाजीले, माहिती सांगायले बोलावलं. मीबी नवं लुगडं नेसून निघाली. त्या घरात मी काय कमी राबली? पाटीवर माझं नाव नाई येईन तर कोणाचं येईन?

दिव्यानी नावाची तिथली पोरगी विचारे, बुढा सांगे. "हा ओटा मनकर्णानं घातला. ही खुंटी मनकर्णानं ठोकायले लावली. इथी बसून मनकर्णा दळे." मनकर्णा, मनकर्णा! घरी दोन शब्द धड न बोलणारा माणूस तिथी पोपटावानी बोलून राह्यला होता. त्याच्या मायचं हागणं-मुतणं मी त्याच खोलीत काढलं, त्याचं नाव नाई. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

मंग पोरगी ढोलीपाशी आली. धान ठेवायची ढोली, बांबूची विणलेली अन् शेणमातीनं लिंपलेली. तिच्या पोटावर बोटांनी उठवलेला मोर.

"अगाई, किती सुंदर! हा कोणी काढला?"

बुढ्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मी बोलली, "मी. मी काढला."

मी लग्न होऊन आली तवाच तो मोर होता. दरसाल त्याच्या भोवतालून लिंपा लागे. मोराले हात लागला का बुढा त्या दिवशी जेवत नसे. अन् मी? मी तो मोर पुसून टाकायले पाहो, पण हिंमत होत नव्हती.

पोरगीनं बुढ्याकडे पाह्यलं. "खरंच, देवाजीभाऊ?"

आता हा मले खोटी पाडते, अन् मी त्याले इथीच धुते, असं पक्कं करून मी पदर खोचला. खरं सांगते, मी भांडणाचीच वाट पाहत होती.

बुढ्यानं मोराकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे. "हो," म्हणला. "हिनंच काढला. लिही, हिचं नाव नूतन."

पोरगीनं लिहिलं. मोराजवळ उभी करून माझा फोटोबी काढला.

जिंकली ना मी? मंग येतानी एसटीत मले रडू काऊन येत होतं? बुढा भजे खात बसला होता. पुडा माझ्यासमोर केला, "घे, गरम आहेत."

"एका शब्दात तिले पुसून टाकलं तुमी," मी म्हणलं. "उद्या मी मेली तर माझंबी असंच कोणाले देऊन टाकसान ना?"

तो चावता चावता थांबला.

"तुले पायजे होता, दिला. तिचं म्हणून होतं ते शेवटचं होतं. आता तरी तिले सोड, नूतन."

म्हणजे पाहा! मोर दिला, तोबी तिच्याचसाठी.