रेघेच्या आतलं घर

धाकटीने काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला आणि तिसरा पारदर्शक कागद आधीच्या दोन कागदांवर अलगद सरकवून कडा जुळवल्या. सर्वांत खाली उंचीचा नकाशा होता. त्यातल्या रेषा जिथे दाटीवाटीने आल्या होत्या तिथे टेकडीचा उतार खडा, जिथे त्या सैल होत गेल्या तिथे जमीन सपाटीला आलेली. त्यावर मातीचा नकाशा होता: खडक कुठे लागतो आणि नुसता भुसभुशीत थर कुठे आहे ते दाखवणारा. तिसऱ्यात पाणी कुठे मुरतं ते होतं आणि गेल्या वर्षी जमिनीला गेलेल्या भेगाही. खडा उतार, सैल माती आणि भेगा जिथे एकत्र येतील, त्या भागाभोवती तिला धोकारेषा ओढायची होती. रेषेच्या आतल्या लोकांना पावसाळ्याआधी दुसरीकडे घरं देऊन हलवणार होते.

चौथा नकाशा घरांचा. तो तिने मुद्दाम पालथा ठेवला होता, कारण त्याच उतारावर तिच्या ताईचं घर होतं.

कचेरीत तिला सगळे रेघबाई म्हणत. दुसऱ्याच्या नकाशातली रेघ जरा वेडीवाकडी दिसली तरी तिला चैन पडत नसे. ताईच्या घराचं तिने साहेबांना आधीच सांगितलं होतं आणि हे काम दुसऱ्या कुणाला द्या, अशी विनंतीही केली होती. साहेबांनी डोळे न उचलता विचारलं होतं, दुसरं आहे कोण?

पेन्सिलीने रेषा ओढून झाल्यावर तिने घरांचा नकाशा उलटून वर ठेवला. ताईचं घर नेमकं दोन खड्ड्यांच्या मध्ये आलं होतं. माती तपासायला खणलेल्या खड्ड्यांपैकी वरच्यात सैल माती लागली होती, खालच्यात खडक. मधे काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणखी एक खड्डा खणून घ्या, असं तिने सांगून पाहिलं. ढग दिसायला लागले होते. वेळ नाही, असं उत्तर आलं. रेघ घराच्या वरून घेतली असती तरी कुणी बोट ठेवलं नसतं. तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली, खिडकीशी जाऊन आली, आणि शाईचं पेन घेऊन ती रेघ घराच्या खालून पक्की केली; घर रेषेच्या आत आलं.

नकाशा जाहीर झाला त्याच आठवड्यात भावोजी घरी आले. इकडतिकडचं बोलले, चहा घेतला. मग कप हातातच फिरवत त्यांनी विचारलं, नकाशावर पेन्सिलीएवढी जाडी म्हणजे जमिनीवर किती? ती म्हणाली, तुमच्या अंगणाएवढी.

"मग जरा वर धरली असती पेन्सिल, तर काय बिघडलं असतं?"

ते हसत होते, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलेलं नव्हतं. त्या घराची एकेक खोली त्यांनी हातात पैसे येतील तसतशी स्वतः उभी राहून बांधून घेतली होती. ती म्हणाली, तसं करता येत नाही. भावोजींनी मान हलवली आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

ताई मात्र एका शब्दाने काही बोलली नाही, आणि तेच धाकटीला जास्त लागलं. घर हलवायच्या दिवशी ती आपणहून मदतीला गेली. दोघी स्वयंपाकघरातली भांडी जुन्या चादरीत गुंडाळत होत्या. बऱ्याच वेळाने ताईने विचारलं,

"मधे खडक असेल, असं का नाही धरलंस?"

"आणि नसला तर, ताई?"

ताईने चादरीची गाठ आवळली. पुरेशी घट्ट बसली होती, तरी सोडून पुन्हा मारली.

त्या वर्षी पाऊस धो धो कोसळला. पलीकडचा रस्ता वाहून गेला, नदीचं पाणी बाजारात शिरलं. टेकडी जागची हलली नाही. पुढच्या वर्षीही नाही. हलवलेले लोक आधी दबक्या आवाजात आणि मग उघड कुरकुरू लागले. नव्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं, अंगणं नाहीत. भावोजी तर चारचौघांत म्हणायचे की आमची मेहुणी कागदावर टेकड्या पाडते. लोक हसत. तीही हसे.

कचेरीच्या खिडकीतून टेकडी दिसायची. सकाळी आल्याबरोबर धाकटीची नजर आधी तिकडे जाई. रात्रभर पाऊस लागला असेल तर ती पिशवीसुद्धा न ठेवता खिडकीशी जाऊन उभी राही. एकदा अशीच उभी असताना टेकडी धुक्यातून सबंध, हिरवीगार बाहेर आली आणि तिला आत काहीतरी खट्टू झाल्यासारखं वाटलं. आपण रोज इथे काय बघायला येतो, ते तिला त्या क्षणी कळलं. त्या दिवशी तिने टेबल फिरवून खिडकीकडे पाठ केली. डोळ्यांवर उजेड येतो, असं सहकाऱ्यांना सांगितलं.

पाऊस सरल्यावर ताईचा फोन आला. जुन्या घराकडे जायचंय, येतेस का? एवढंच.

घराची दारं-खिडक्या भावोजींनी केव्हाच काढून नेली होती. आत भिंतींवर कपाटांच्या जागा फिकट उमटून राहिल्या होत्या. दोघी पायरीवर बसल्या. मागे टेकडी उन्हात निवांत उभी होती.

"हे म्हणतात, परत येऊया. शेजारचेही म्हणतायत. अर्ज करायचा म्हणे सगळ्यांनी," ताई म्हणाली.

"आणि तू?"

पायरीच्या फटीत उगवलेलं गवत ताई एकेक काडी करून उपटत राहिली.

"मला नाही यायचं. तिकडे कितीही पाऊस पडला तरी मला झोप लागते गं. इथे पावसाळ्यात कधी लागली नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून नाही. पण यांनी एवढ्या हौसेनं बांधलेलं घर, यांना कसं सांगू?"

धाकटीने मान वळवून मागच्या टेकडीकडे पाहिलं.

"वाईट आहे हे, पण सांगते," ताई आवाज खाली आणून म्हणाली. "सगळे निघून गेल्यावर एकदाची खचली असती ना ही टेकडी, घरं रिकामी असताना, तर मला काही बोलावंच लागलं नसतं. पाऊस लागला की वाटायचं, आज तरी."

"मीपण रोज बघत होते," धाकटी म्हणाली.

ताईने वळून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हातातलं गवत टाकून दिलं, कपडे झटकले आणि उठली. उतरताना पायवाट खड्या उतारावर आली तशी पुढे चाललेल्या ताईने, मागे न बघता, हात मागे केला. धाकटीने तो धरला.