फाटलेली आठ पानं

“आजबी वल्लाच माल दिलाय मुडद्यानं. हाताला नुसता चिकटतोय.”

अक्काताई माझ्या कानाशी पुटपुटली. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, कारण विडी-कंत्राटदाराचा तंबाखू आणून टाकणारा भरमा दारातच उभा होता. निपाणीतल्या तिच्या दोन खोल्यांत अख्खी गल्ली कोंबली होती. ओल्या तंबाखूची पोती सरकवून तिथं भूतबाधा उतरवणाऱ्या महाराजांचं आसन मांडलं होतं, आणि समोर चटईवर अक्काताईची सून रचना पडली होती. तीन दिवस पोटात पाणी ठरत नव्हतं. उलट्या, घेरी, हातापायांची थरथर. दारात तिच्या नवऱ्यानं, युवराजनं, रिक्षा आणून ठेवली होती, पण आत कुणी ‘ने’ म्हणत नव्हतं.

महाराजांनी रचनाच्या तळहातांना भस्म चोळलं आणि हात हळदीच्या पाण्यात बुडवले. पाणी लालभडक झालं.

“रगत! बघा, आत सावली बसलीया. काजळवंतीची!” महाराज ओरडले.

बायका किंचाळल्या. भरमानं हात जोडले.

“दवाखान्यात न्हेऊ नका,” महाराज म्हणाले. “सुई टोचली की सावली रक्तात उतरती. मग डॉक्टरचा बाप आला तरी सुटका न्हाय. अकरा लिंबं आणा, एक काळी कोंबडी आणा. कोंबडी गावरान पायजे. ब्रॉयलरला सावली भीत न्हाय.”

“अगं मास्तरीण!” मालुबाईनं मला ढोसलं. “पुस्तकात बी हेच हुतं की! महाराजांनी कुठं बघितलंय तुझं पुस्तक? तरी शब्दाला शब्द!”

मला मास्तरीण म्हणतात ते चेष्टेनं. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वाचन पुडीच्या कागदांवर झालं. आम्ही सातजणी अक्काताईच्या पडवीत विड्या वळतो. मी मोठ्यानं वाचते आणि माझ्या वाटणीच्या विड्या बाकीच्या आपसात वळून देतात. यंदा रद्दीत एक जाडजूड कादंबरी सापडली होती, पुठ्ठा गेलेली. तिच्यातल्या शहरात जादूनं विज्ञानाशी युद्ध मांडलेलं असतं. औषधांची राख होते, दवाखान्यातली यंत्रं माणसांसारखी रडतात आणि एकटी डॉक्टरीण कंदील घेऊन लढत राहते. बायका दोरा गुंडाळायच्या थांबत, इतकं भय.

छापलेलं तेच महाराजांच्या तोंडी, म्हणजे खरंच असणार. सगळ्यांना पटलं. युवराजचाही हात रिक्षाच्या किल्लीवरून खाली आला.

पटलं नाही ते एकटीला, मला. आणि का ते सांगायची मला लाज वाटत होती. रचनाचे ओठ कोरडे पडून फाटले होते. मी घरी जाऊन पुस्तक आणलं आणि युवराजच्या हातात दिलं.

“ह्या पानाचा नंबर वाच.”

“एकशे बारा.”

“आता शेजारचा.”

“एकशे एकवीस.” त्यानं वर बघितलं. “मधली पानं कुठं गेली, मावशी?”

“मला मिळालं तवाच फाटल्याली हुती. गोष्ट तुटाय नको म्हणून मधलं मी माझ्या मनानं सांगितलं. सुई, सावली, काजळवंती, समदं माझं. तुमच्या अंगावर काटा आला, मला बरं वाटलं, म्हणून आणि चढवून सांगितलं. हे जगात कुठं छापल्यालं न्हाय. आपल्या पडवीबाहेर कुणी ऐकल्यालं न्हाय. मग महाराजांना कुणी सांगितलं?”

मालुबाई पदराचं टोक पिळायला लागली. “गुरवारी दर्शनाला गेलते... बोलता बोलता निघालं आपलं...”

मी तिच्याच चंचीतला चुना बोटावर घेतला आणि दुसऱ्या वाटीत हळद कालवून त्यात बोट फिरवलं. लालभडक. भस्मात चुना होता. कमरेला चुन्याची डबी बाळगणाऱ्या आम्ही, आणि आम्हालाच ते रक्त वाटलं!

महाराज हसले. पण घाम फुटला होता. “बरं, भूत न्हाय. मग पोरीला झालंय काय? सांग की, लई शानी हायस तर!”

भरमा माझ्याकडं बघत होता. उद्याचा माल त्याच्याच हातात होता. मला ठाऊक होतं पोरीला काय झालंय ते, तरी माझी जीभ तिथवर गेली नाही. मी नुसतं म्हटलं, “ते डॉक्टर सांगतील. बायांनो, महाराज बोलले तर विचारा, कशावरून? पुस्तक बोललं तरी विचारा. मी बोलले तर पयलं विचारा. तुमी इचारलं असतं तर ही पोरगी तीन दिस अशी पडली नसती.”

मग अक्काताई खाली बसली. दिवसभर बंद खोलीत ओला तंबाखू चाळून तपकिरी झालेला सुनेचा तळहात तिनं नाकाशी नेला.

“तंबाखू लागलाय हिला,” ती म्हणाली. भरमाकडं बघून, मोठ्यानं. “वल्ल्या तंबाखूचं इख कातड्यातनं आत जातंय. चाळायला बसले तवा पयल्या साली मी वकले. मास्तरीण, तू वकलीस. मालू वकली. समद्यास्नी ठावं हाय. युवराज, उचल तिला.”