सरांचं गाईड

सीईटी तोंडावर आली आणि ऋजुताने एका सकाळी चहाचा कप बाजूला सारत सांगून टाकलं, "आई, मला इंजिनिअरिंग नको. फिजिक्स जमतच नाही मला."

वासंतीला काही उमगेना. गणित सुटेपर्यंत जेवायला न उठणारी ही पोर! वासंती रत्नागिरीतल्या एका पतपेढीत कारकून होती, नवरा सलिल मुंबईला नोकरीला. फिजिक्समधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकीचा उतरलेला चेहरा कळत होता.

"चल, दुसरं गाईड बघू. नीट समजावून सांगणारं."

"अनिश सरांना चालत नाही. क्लासमध्ये त्यांनी छापलेलंच वापरायचं."

"त्यांना काय चालतं ते मागाहून बघू."

रामआळीत आप्पांच्या दुकानात गाईडांचे ढीग लागले होते. प्रत्येकावर हसऱ्या मुलांचे फोटो आणि हमखास यशाची हमी. त्यातून निवडायचं कसं? वासंती म्हणाली, "तुला जिथे अडतं ना, तेच गणित प्रत्येकात काढून बघ. ज्यातलं कळेल ते घेऊ."

ऋजुताने तारेचं गणित काढलं. तार ताणून दुप्पट लांब केली तर तिचा रोध किती पट होतो? एका गाईडात उत्तर चौपट. दुसऱ्यातही चौपट. तिने पाठ्यपुस्तक मागून घेतलं. तिथली रीत लावली तरी तेच. तिने पुस्तक आईपुढे धरलं.

"आई गो, माझं हेच येत होतं. सरांच्या गाईडात दुप्पट दिलंय. मी विचारलं तर म्हणाले, 'गाईड चुकतं की तू?' सगळी हसली. मग मी विचारायचंच सोडलं."

पिशवीतून सरांचं गाईड निघालं. आप्पांच्या काउंटरवरच ती एकेक पान ताडून बघू लागली. चुकीच्या उत्तरांचा सुकाळ होता. वासंतीच्या अंगाची लाही लाही झाली. पोर इतके महिने स्वतःला ढ समजून उशीत तोंड खुपसून रडत होती, ते ह्यापायी! आप्पांकडून दोन्ही गाईडं घेऊन तिने स्कूटर थेट क्लासवर नेली.

अनिश सर शिकवत होते. वासंतीने त्यांच्या गाईडातल्या चुका दाखवल्या, तर हसले. "ताई, छपाईत एखादी चूक राहते."

"चूक छापखान्याची, तर हसं माझ्या मुलीचं का केलंत?"

"मुलं ऐकतायत. आत बसून बोलू."

"मुलं हसली तेव्हाही ऐकतच होती. इथेच बोला!"

सरांचा आवाज चढला. "पटत नसेल तर दुसरा क्लास बघा."

वासंती काही बोलणार, तोच ऋजुता फळ्याकडे गेली. तिने खडू उचलला आणि मांडलं: तार ताणली की लांब होते, तशी बारीकही होते. सरांचं गाईड ते बारीक होणं विसरलं होतं. उत्तर चौपट.

"सर, तिचं बरोबर आहे," मागून तिची मैत्रीण सानिका म्हणाली.

सरांनी डस्टर उचललं आणि सगळं पुसून टाकलं. "वेळ जातोय सगळ्यांचा."

मायलेकी बाहेर पडल्या त्या पुन्हा तिथे गेल्या नाहीत. ऋजुता घरीच अभ्यासाला बसली आणि इंजिनिअरिंग नको हे बोलणं बंद झालं.

थोड्या दिवसांनी सानिकाने क्लासच्या ग्रुपवरचा मेसेज पाठवला: गाईडात सरांनी अपार मेहनतीने स्वतः शोधलेल्या दुरुस्त्या! खाली त्यांची यादी.

वासंती विळीवरून ताडकन उठली. "स्वतः शोधलेल्या? माफीचा एक शब्द नाही, वर ही मिजास! मी जाते परत."

"थांब," ऋजुता मेसेज वाचत म्हणाली, "ह्यातलीसुद्धा एक दुरुस्ती चुकल्ये."

"मग टाक ग्रुपवर. आपल्या नावानिशी टाक."

"मला काढून टाकलंय त्यांनी."

"सानिका आहे ना अजून?"

ऋजुताने सानिकाला फोन लावला.